शरीर म्हातारं का होतं : परळ ते खारघर

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? छान.

या व्याख्यानाचा विषय कळल्यापासून मला ओळखीच्यांचे तीन फोन आले. दोघांनी विचारलं, कुठली गोळी घ्यायची ते सांगणार का? तिसऱ्यांनी विचारलं, कुठली बंद करायची ते सांगणार का? (हशा) दोन्ही सांगणार नाही. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं आणि आता त्याचा इतिहास वाचत असतो, एवढंच.

या प्रश्नाकडे मी वळलो त्याला कारण घरचं आहे. माझ्या आईला ७९व्या वर्षी कॅन्सर निघाला. जन्मभर साधं जेवण, रोज चालणं, कसलं व्यसन नाही. रिपोर्ट हातात आल्यावर तिने मला एकच विचारलं, "माझं काय चुकलं रे?" तीस वर्षं पेशी शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज जे सांगणार आहे ते त्या उत्तराच्याच शोधात गोळा केलेलं आहे. त्यातलं बरंचसं मला आपल्या मुंबईत सापडलं, हे विशेष.

'माझं काय चुकलं' हा प्रश्न जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत रोगांचं वर्गीकरण आहे, त्यात एक गट 'स्वभावबलप्रवृत्त' नावाचा. भूक, तहान, झोप, मृत्यू आणि जरा, म्हणजे म्हातारपण, हे त्यात येतात. पुढे त्याचेही दोन प्रकार केलेत : शरीराची नीट निगा राखूनही योग्य वेळी येणारं ते कालकृत, आणि निगा न राखल्यामुळे वेळेआधी येणारं ते अकालकृत. बघा, किती नेमका फरक आहे. काही म्हातारपण तुमच्या वागण्यातून येतं, काही नुसतं येतं. पण ते 'नुसतं' का येतं, याचं उत्तर तिथे 'स्वभाव' या शब्दापाशी थांबतं. स्वभाव असा का, हा प्रश्न विचारायला उत्क्रांतीचा विचार यावा लागला. तो डार्विननंतर.

१८८१मध्ये आउगुस्ट वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने आयुर्मानावर एक व्याख्यान दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : झिजलेले जीव जातीला निरुपयोगी, उलट घातकच, कारण ते धडधाकट जिवांची जागा अडवतात. म्हणून निसर्गाने मरणाची सोय करून ठेवली. नव्यांना जागा करून देण्यासाठी जुन्यांनी जायचं.

हे आपल्याला लगेच पटतं. 'पिकलं पान गळायचंच' असं आपण म्हणतोच. मला स्वतःला हे फार वर्षं पटलेलं होतं, वर्गात शिकवलंही. पण नीट बघा, वाइसमान म्हणतात जीव झिजलेले असतात म्हणून त्यांनी जावं. अहो, पण ते झिजतात का, हाच तर प्रश्न होता! उत्तरात प्रश्नच गृहीत धरलाय. पुढे त्यांचं स्वतःचं मतही बदलत गेलं. तरी 'म्हाताऱ्यांनी जागा रिकामी करणं हा निसर्गाचा नियम' ही कल्पना घराघरात शिल्लक राहिली. तिचे चटके कोणाला बसतात ते या सभागृहात मी सांगायला नको.

वाइसमान यांचं दुसरं एक भाकीत मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शरीरातल्या पेशींची विभागण्याची क्षमता मर्यादित असावी, असंही ते म्हणाले होते. पुरावा काही नव्हता.

आता मुंबईत येऊ. १८९६च्या पावसाळ्यानंतर मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये वाल्देमार हाफकिन इथे पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तोकड्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच पुढे १९२५मध्ये हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. हे बहुतेकांना माहीत असतं. हाफकिनचे गुरू कोण, हे कमी जणांना माहीत असतं. ओदेसाच्या विद्यापीठातले त्यांचे शिक्षक म्हणजे इल्या मेचनिकॉफ. गुरू पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले, मागोमाग शिष्यही गेला. सुरुवातीला तिथे ग्रंथालयात नोकरी मिळाली, ती पत्करली. तिथून तो भारतात आला.

शिष्य इथे प्लेगशी झुंजत होता त्याच वर्षांत गुरू तिकडे म्हातारपणाच्या मागे लागले होते. म्हातारपणाच्या अभ्यासाला 'जेरोन्टोलॉजी' हे नाव मेचनिकॉफ यांनीच १९०३मध्ये दिलं. त्यांचा सिद्धान्त असा : मोठ्या आतड्यात कुजवणारे जंतू राहतात, त्यांचं विष रक्तात मिसळतं. आपल्या रक्तातल्या भक्षक पेशी एरवी जंतू खातात. त्या पेशी मग बिघडून मेंदूच्या, केसांच्या, हाडांच्या पेशींवर चालून जातात. म्हणजे म्हातारपण हा रोग आहे, आणि तो आतड्यात सुरू होतो. उपाय काय? आंबवलेलं दूध. बल्गेरियात शंभरी गाठणारे लोक पुष्कळ आहेत आणि ते दही खातात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. ते स्वतः रोज आंबट दूध पीत. युरोपात दह्याच्या जंतूंच्या गोळ्यांचा धंदा सुरू झाला. आता विचार करा, आपल्याकडे जेवणानंतर ताक पिणाऱ्या लाखो लोकांना कोणी सांगितलंच नाही की तुम्ही पॅरिसचं अत्याधुनिक औषध घेताय! (हशा) मेचनिकॉफ यांना १९०८मध्ये नोबेल मिळालं, ते भक्षक पेशींच्या शोधासाठी, दह्यासाठी नव्हे. १९१६मध्ये, ७१व्या वर्षी ते वारले.

सिद्धान्त चुकला. आतड्यातले जंतू आणि आरोग्य यांचा संबंध आज पुन्हा जोरात अभ्यासला जातोय, पण म्हातारपणाचं मूळ तिथे सापडलं नाही. तरी मेचनिकॉफ यांची एक गोष्ट मला मोठी वाटते. म्हातारपणाला त्यांनी नियती मानलं नाही, आणि जागा अडवणाऱ्यांना दिलेली शिक्षा तर नाहीच नाही.

नंतरच्या काही कल्पना मी भराभर उरकतो. आयुष्य म्हणजे ठरावीक इंधन, जो जीव ते भरभर जाळतो तो लवकर मरतो, अशी एक होती. रुबनर १९०८, रेमंड पर्ल १९२८. मग १९५६मध्ये डेनम हारमन यांनी सांगितलं की श्वासोच्छ्वासात तयार होणारे मुक्त कण, फ्री रॅडिकल्स, पेशींना गंज चढवल्यासारखं नुकसान करतात. यात तथ्य आहे. पण त्यावरून निघालेल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत आयुष्य वाढलं नाही. जाहिराती मात्र थांबल्या नाहीत. इंधनाच्या कल्पनेचा निकाल तर एक वटवाघूळही लावू शकतं. आकाराने उंदराएवढं, हृदयाची धडधड तितकीच जोरात. उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो, वटवाघळांच्या काही जाती तीस वर्षांच्या पुढे जगतात.

आता पेशी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रश्नावर एका प्रयोगाने पडदा टाकला होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सी कारेल यांनी जानेवारी १९१२मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवायला घेतला. त्या पेशी वाढतच राहिल्या. कारेल १९४४मध्ये वारले तरी त्या जिवंत! १९४६मध्ये सहकाऱ्यांनी त्या स्वतःहून बंद केल्या. निष्कर्ष : पेशी अमर आहेत, म्हातारं होतं ते शरीर. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हे गेलं. मग पेशी वाढवण्याची कला, टिश्यू कल्चर, हेच एक शास्त्र झालं, आणि त्यातलं एक मोठं ठिकाण म्हणजे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधली जॉर्ज गाय यांची प्रयोगशाळा. १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून, तिला न विचारता घेतलेल्या पेशी तिथे वाढवल्या गेल्या. त्या 'हीला' पेशी. साधारण दिवसाला दुप्पट व्हायच्या. ती बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. पेशी आजही वाढताहेत.

आणि याच गाय यांच्या प्रयोगशाळेत पुढचं शिक्षण घ्यायला गेल्या कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, पुण्याच्या. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, शिक्षण फर्ग्युसनमध्ये. वडील दिनकरराव तिथेच जीवशास्त्र शिकवत. लग्नानंतर मुंबईला आल्या, परळच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलमध्ये काम करता करता डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९मध्ये पीएचडी झाल्या. खानोलकरांनीच त्यांना अमेरिकेला जाण्याचा आग्रह केला. परत आल्यावर त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. १९७३मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्या पुढे होत्या. तिचं मुख्यालय कुठे आहे? इथे वाशीत, सेक्टर १०मध्ये. तुमच्यापैकी कितीतरी जण रोज त्या रस्त्याने जात असतील.

कमलाबाईंनी म्हातारपणावर संशोधन केलं असं मी म्हणत नाही. त्यांचं काम कॅन्सरवर, विशेषतः स्तनाच्या कॅन्सरवर, आणि कुष्ठरोगाच्या जंतूंवर. पण पेशी काचेत वाढवायची ही जी विद्या त्या इकडे घेऊन आल्या, त्याच विद्येने म्हातारपणाचा प्रश्न पुन्हा उघडला. तेही अपघाताने.

फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये लेनर्ड हेफ्लिक नावाचा तरुण संशोधक कामासाठी निरोगी मानवी गर्भपेशी वाढवत होता. त्या छान वाढायच्या, आणि साधारण पन्नासेक वेळा दुप्पट झाल्या की थांबायच्या. मरायच्या नाहीत, पण विभागायच्या नाहीत. कोणीही म्हणालं असतं, तुझं काहीतरी चुकतंय. बघा, पुन्हा तोच प्रश्न! कारेलच्या पेशी चौतीस वर्षं चालल्या आणि तुझ्या थांबतात? म्हणून हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी एक सुंदर प्रयोग केला. पुरुषाच्या गर्भाच्या, बरेच वेळा दुप्पट झालेल्या 'म्हाताऱ्या' पेशी आणि स्त्रीच्या गर्भाच्या तरुण पेशी एकाच पात्रात मिसळल्या. अन्न तेच, हवा तीच, हात तोच. चूक बाहेरची असती तर दोन्ही एकदम थांबायला हव्या होत्या. काही दिवसांनी गुणसूत्रं तपासली तर पात्रात उरल्या होत्या फक्त स्त्रीच्या पेशी. म्हाताऱ्या पेशी आपल्या हिशोबाने थांबल्या होत्या. मोजणी पेशीच्या आत होती.

हा निबंध आधी एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. पेशींना योग्य पोषण मिळालं तर त्या कायम वाढत राहतात हे पन्नास वर्षं सिद्ध झालंय, असा शेरा होता. १९६१मध्ये तो दुसरीकडे छापून आला. आणि कारेलच्या पेशींचं काय? तो प्रयोग पुन्हा कोणालाच जमला नाही. त्या पेशींना खाद्य म्हणून गर्भाचा अर्क घालत, त्याबरोबर ताज्या पेशीही आत जात असाव्यात, असं हेफ्लिक यांचं म्हणणं. मुद्दाम की नकळत, देव जाणे. वाइसमान यांचं भाकीत ऐंशी वर्षांनी खरं ठरलं.

मोजणी कशी होते, हे पुढे कळलं. समजा एक पोथी आहे आणि नकलून काढणाऱ्याला दर वेळी शेवटचं पान काही केल्या नकलता येत नाही. शहाणा माणूस काय करेल? शेवटी कोरी पानं जोडून ठेवेल. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना अशी कोरी पानं असतात, त्यांना टेलोमेअर म्हणतात. दर विभागणीत थोडी गळतात. संपत आली की पेशी नक्कल करणं थांबवते, म्हणजे मजकूर वाचतो. टोकं अशी तोकडी होत जात असणार, हे अलेक्सेय ओलोव्निकोव्ह यांनी मॉस्कोत १९७१मध्ये तर्काने मांडलं, मेट्रोची गाडी बघता बघता. ही पानं परत जोडणारं विकर, टेलोमरेज, कॅरल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना १९८४मध्ये सापडलं. जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना २००९चं नोबेल मिळालं.

इथे थांबून टाळ्या वाजवायचा मोह होतो. पण उंदराची कोरी पानं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, आणि तो तीन वर्षांत जातो. म्हणजे ही मोजणी म्हातारपणाचं संपूर्ण कारण नव्हे. मग ती आहे कशासाठी? पेशीने थांबावं, यात कोणाचा फायदा?

यासाठी आपल्याला प्रयोगशाळेतून बाहेर पडून चहाच्या टपरीवर जावं लागेल. ही कल्पना मूळची पीटर मेडवार यांची, १९५१च्या त्यांच्या लंडनच्या व्याख्यानातली. त्यांनी परीक्षानळ्यांचं उदाहरण दिलं होतं, मी कटिंगचे काचेचे ग्लास घेतो. टपरीवाल्याने हजार ग्लास आणले. ग्लास म्हातारा होत नाही, पण हातातून पडतो. समजा दर महिन्याला शंभरातले दहा फुटतात. वर्षाने २८२ उरतील, दोन वर्षांनी ८०, पाच वर्षांनी जेमतेम दोन. आता एखाद्या कारखान्याच्या ग्लासांत असा दोष आहे की पाच वर्षांनी ते आपोआप तडकतात. टपरीवाल्याला पत्ता लागेल का? तडकायला ग्लास उरलेतच कुठे! पहिल्याच महिन्यात तडकणारा ग्लास मात्र तो त्याच दिवशी परत करेल. निसर्गनिवड ही त्या टपरीवाल्यासारखी. वाघ, दुष्काळ, साथी यांनी बहुतेक जीव तरुणपणीच जातात, म्हणून उशिरा उगवणारे दोष तिच्या नजरेलाच पडत नाहीत. पिढ्यान् पिढ्या ते साठत जातात. थोडक्यात, म्हातारपण कोणी आखलेलं नाही. ते राहून गेलेलं आहे.

या विचाराचं बीज दहा वर्षं आधी जे. बी. एस. हाल्डेन यांनी टाकलं होतं. हंटिंग्टनचा आजार तिशी-चाळिशीत उगवतो, तोवर मुलंबाळं झालेली असतात, म्हणून तो टिकतो, असं त्यांनी १९४१मध्ये लिहिलं. हेच हाल्डेन १९५७मध्ये कलकत्त्याला आले, कुर्ता-पायजम्यात वावरले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला कॅन्सरने वारले. जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या कॅन्सरवर विनोदी कविता लिहून छापली होती.

'वाघ आणि दुष्काळ' म्हटल्यावर हे आदिमानवाचं वाटेल. पण १९११ ते १९२१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतं. आज ते सत्तर आहे. याचा अर्थ लोक विसाव्या वर्षी मरायचे असा नाही हं, ही चूक नेहमी होते. पोरं फार जायची, म्हणून सरासरी खाली यायची. हाफकिन मुंबईत उतरले त्याच १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढणारे धोंडो केशव कर्वे त्या सगळ्यातून वाचले आणि १९६२पर्यंत, १०४ वर्षं जगले. शरीराची मर्यादा तेव्हाही तीच होती. तिथवर पोचणारे कमी होते. आज आपण सगळेच पाच वर्षं टिकलेले ग्लास आहोत, आणि कारखान्यातला दोष आता पहिल्यांदाच सर्वांना दिसतोय.

हे खरं असेल, तर ज्यांना अपघाती मरण कमी त्यांनी सावकाश म्हातारं व्हायला हवं. उडणाऱ्यांनी, उदाहरणार्थ. वटवाघूळ झालंच. आता आपल्या खाडीकडे बघा. ठाण्याच्या खाडीत आणि सीवूड्सच्या पाणथळीत दर हिवाळ्यात आपण ज्यांचे फोटो काढतो, त्या फ्लेमिंगोंपैकी मोठ्या जातीचा एक पक्षी ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या प्राणिसंग्रहालयात २०१४मध्ये मेला. वय किमान ८३. अंगात हाडं नि पिसं, वजन तीन-चार किलो! टॉम कर्कवूड यांनी १९७७मध्ये याला हिशोबाचं रूप दिलं. शरीराचं बजेट मर्यादित असतं, दुरुस्ती आणि प्रजनन यांत ते वाटायचं. जो बहुधा लवकरच मरणार, त्याने दुरुस्तीवर खर्च का करावा? जी इमारत पाच वर्षांत रस्त्यात जाणार हे नक्की आहे, तिथे सोसायटी वॉटरप्रूफिंग करून घेत नाही, तसंच. उंदराने दुरुस्ती टाळली, फ्लेमिंगोने केली.

आणि आता जॉर्ज विल्यम्स, १९५७. टपरीवाल्याकडेच परत जाऊ. समजा एखादा ग्लास पहिली दोन वर्षं इतरांपेक्षा दणकट आहे, पण दणकट करणाऱ्या त्याच मसाल्यामुळे पाच वर्षांनी तडकतो. टपरीवाला तो परत तर करणार नाहीच, उलट त्याचीच ऑर्डर वाढवेल. काही जनुकं अशीच : तरुणपणी तारतात आणि म्हातारपणी तीच मारतात.

पेशीची मोजणी इथे जागेवर बसते. पेशीने मनमानी वाढू नये यासाठी तो लगाम आहे. हीला पेशी अमर का? कारण त्या कॅन्सरच्या. दहापैकी साधारण नऊ कॅन्सरमध्ये पेशींनी कोरी पानं जोडणारं ते विकर पुन्हा सुरू केलेलं आढळतं. लगाम आहे म्हणून आपण चाळिशीपर्यंत बहुधा कॅन्सरशिवाय पोचतो. पण लगाम लागून थांबलेल्या पेशी शरीरात साठतात, आजूबाजूला दाह करणारी द्रव्यं सोडतात, आणि त्यातून सांधे, रक्तवाहिन्या, त्वचा थकतात. त्याच दाहात कधी शेजारच्या एखाद्या बिघडलेल्या पेशीला वाढायला जागाही मिळते. २००२मध्ये अमेरिकेत काही उंदीर तयार झाले, त्यांच्यात कॅन्सर रोखणारं पी-५३ हे जनुक नेहमीपेक्षा जास्त जागं होतं. त्यांना कॅन्सर फार कमी झाला. आणि ते लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ, पाठीला पोक. लगाम सैल सोडा, कॅन्सर. घट्ट धरा, म्हातारपण.

योगायोग असा, की त्याच २००२ साली खानोलकर आणि कमलाबाईंची परळची संशोधन संस्था खारघरच्या टेकडीपाशी आली. आज आपण तिला ॲक्ट्रेक म्हणतो. कमलाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

हे उंदीर मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. तिला सांगता आलं असतं तर एवढंच सांगितलं असतं की आई, तुझं काही चुकलं नाही. ज्या व्यवस्थेने तुला ७९ वर्षं सांभाळलं, तिचीच ही दुसरी बाजू होती. तिने बहुधा म्हटलं असतं, "मग एवढं शिकून उपाय काय काढला तुम्ही लोकांनी?" थांबलेल्या पेशी वेचून काढल्यावर उंदरांची तब्येत सुधारते, हे २०११पासून दिसलंय. माणसांवरच्या चाचण्या अजून लहान आहेत. त्यांच्या नावाखाली आज बाजारात कोणी काही विकत असेल, तर मेचनिकॉफ यांच्या दह्याच्या गोळ्या आठवा आणि घरी ताक प्या. (हशा)

वेळ झालीय. प्रश्न घेऊ या. त्या खिडकीशी बसलेल्या आजोबांचा हात मघापासून वर आहे, माइक आधी त्यांच्याकडे द्या.